एकच मिनिट हं!

डोंगर चढणाऱ्या प्रत्येक टोळक्यात हा एक असतोच. पुढे धावणारा, मागे धापा टाकणारा, अर्ध्या वाटेत डबा उघडणारा आणि कड्याच्या टोकावर रील करणारा हे सगळे निराळे. हा वाटेवर पडलेला असतो. पालथा, दोन्ही कोपरं चिखलात, एक डोळा मिटलेला. नवखा माणूस दचकून विचारतो, "घसरला का हा?" जुने म्हणतात, "छे, त्याला काहीतरी दिसलंय," आणि निमूट सॅक उतरवून बसतात. त्याचं खरं नाव आधारकार्डावर असेल. ग्रुपात त्याला मॅक्रो म्हणतात.

मळवलीला लोकलमधून उतरायचं, भाज्यात पिठलं-भाकरी सांगून ठेवायची, विसापूरला जाऊन दोनच्या सुमारास जेवायला खाली यायचं, हा सप्टेंबरातला साधा बेत. मॅक्रो बरोबर असला की तो बेत गावाची शेवटची घरं ओलांडेपर्यंत टिकतो. तिथे बांधावर तेरडा असतो. मग कवला. कवल्याचं ते पिवळं, लाल ठिपक्यांचं फूल, ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात. "एकच मिनिट हं!" असं म्हणून मॅक्रो गुडघ्यावर येतो. भारा घेऊन चाललेल्या मावशी थांबून म्हणतात, "आरं, ह्याची तर भाजी करत्यात." मॅक्रो मान वर न करता सांगतो, "मावशी, भाजीचा तो वेगळा. हा त्याचा भाऊ." मावशी एकदा त्याच्याकडे, एकदा आमच्याकडे बघतात आणि काही न बोलता पुढे जातात. त्या न बोलण्यात पुष्कळ काही असतं.

वर पठारावर पोचलं की खरा कार्यक्रम सुरू होतो. ओल्या कातळावर सीतेची आसवं फुललेली असतात. जांभळी, नखाएवढी. लांबून नुसता रंग दिसतो. मॅक्रो आडवा होतो आणि उरलेल्यांना ड्यूट्या लागतात. एकाने नवरदेवावर धरावी तशी छत्री धरायची, कारण ऊन थेट पडलं की पाकळीचा पोत जातो. दुसऱ्याने वाऱ्याच्या बाजूला बसायचं. तिसऱ्याने अंदाजासाठी फुलाशेजारी अंगठा ठेवायचा. त्याच्या फोनमध्ये आम्हा सगळ्यांचे अंगठे आहेत, चेहरे एकाचेही नाहीत. क्लिक करता करता तो प्रवचनही देतो. ही वनस्पती कीटकभक्षी आहे, ओल्या मातीत तिच्या बारीक पिशव्या असतात, पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीपाशी आला की झटक्यात आत ओढला जातो. "वर आसवं, खाली शिकार," असं म्हणून तो आमच्या चेहऱ्यावर कौतुक शोधतो. आमच्या चेहऱ्यावर भूक असते. तेवढ्यात खालून फोन येतो, "दादा, भाकऱ्या गार होतायत."

संध्याकाळी फोटो जाणकारांच्या ग्रुपवर जातात. तिथून दर वेळी एकच प्रश्न येतो, "पानांचा फोटो?" फुलाचे समोरून, बाजूने, वरून, दव असताना, दव पुसून असे ढीगभर फोटो असतात. पानाचा एकही नसतो. गेंद असला तर आणखी पंचाईत. पठारावर पांढऱ्या बटणांसारखा पसरलेला हा गेंद नेमका कोणत्या जातीचा, हे ठरवायला त्याचं बी भिंगाखाली धरावं लागतं. तेव्हा पुढच्या रविवारी मॅक्रो त्याच कातळावर जायला निघतो. बरोबर कोण येणार, यावर ग्रुपात शांतता पसरते.

कासचं नाव काढलं की तो नाक मुरडतो. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. त्यांत कासही आलं आणि गर्दीही आली. मॅक्रो तिथे जातो, पण मंगळवारी, रजा काढून. ऑफिसात कारण 'घरगुती' असं लिहितो. कालगणना तो कारवीवर करतो. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी सगळा उतार एकदम जांभळा करते आणि बी धरून वाळून जाते. "आमचं लग्न ना? गेल्याच्या गेल्या कारवीला," हे उत्तर त्याने सासुरवाडीत दिलेलं आहे.

दसरा उलटला, गवत पिवळं पडलं, की फुलवेडे साधारणपणे माणसांत येतात. मॅक्रोचा आजार त्यापुढचा आहे. फुलं संपली की तो दगडफुलाकडे वळतो. फुलाला निदान हंगाम असतो, दगडफूल बारमाही. त्यातून जे खडकाला डागासारखं चिकटून पसरतं, ते वर्षाला मिलिमीटरच्या हिशेबात वाढतं. त्यालाही कुठे जायची घाई नाही, आणि यालाही. दहापटीचं भिंग डोळ्याला लावून हा दगडाला नाक टेकवतो. खिशातून बाटली काढून कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाचा एक थेंब त्यावर सोडतो. डाग पिवळा झाला तर एक जात, लाल झाला तर दुसरी. काहीच झालं नाही तर आम्हाला वाटतं सुटलो. पण काहीच न होणं हीसुद्धा खूणच असते, हे त्यानंतर समजावून सांगितलं जातं. बुरशी आणि शैवाल एकमेकांच्या आधाराने कसे राहतात, बुरशी घर कसं देते आणि शैवाल अन्न कसं शिजवतं, हा संसाराचा दृष्टान्त तो बायकोसमोर मात्र देत नाही.

घरच्यांचे हाल वेगळेच. आई गोडा मसाला करायला बसली. धणे, खोबरं, तीळ भाजून झाले, कढईत दगडफूल टाकणार तोच मागून आवाज आला, "आई, एकच मिनिट हं!" पुडी वर्तमानपत्रावर रिकामी झाली. बाजारातल्या दगडफुलात बहुधा एकाहून जास्त जाती मिसळलेल्या असतात. मॅक्रोने चिमट्याने त्यांचे ढीग लावले. वरून राखाडी, खालून काळंभोर आणि कडेला बारीक काळे केस असलेलं ते पार्मोट्रेमा, असं आईला दाखवलं. खिडकीतला उजेड बदलला म्हणून कागद सरकवला. आईने उलथनं हातात धरून बराच वेळ ऐकून घेतलं. मग तिन्ही ढीग एका ओंजळीत उचलून कढईत टाकले. मसाला नेहमीसारखाच झाला.

ग्रुप फोटो फक्त याला काढू देऊ नये. त्याने काढलेल्या फोटोत मागच्या खडकावरचं नारिंगी दगडफूल कडेच्या पाळ्यांपर्यंत स्पष्ट आलंय आणि पुढे आठ माणसांचं धुकं आहे.

एका बाबतीत मात्र मी त्याच्या बाजूचा आहे. कुठल्याशा कड्यावर गवतात त्याला कंदीलपुष्प सापडलं, गावाकडे ज्याला खरतुडी म्हणतात ते. तळाशी फुगलेली नळी, वर टोकाला जुळलेल्या पाकळ्यांचा पिंजरा. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. माशी आत शिरते, बाहेर यायची वाट केस अडवतात. ते कोमेजले की मगच ती परागकण घेऊन सुटते. हे सगळं त्याने आम्हाला खुलवून सांगितलं. जागा विचारली तर म्हणाला, "सह्याद्रीत." फोटो पाठवण्याआधी त्यातलं लोकेशनही पुसलं होतं. खरतुडीचे कंद लोक खणून नेतात, शौकीन कुंडीत लावायला नेतात, आणि यांतल्या कित्येक जाती आपल्या डोंगरांपलीकडे जगात कुठेच नाहीत. एरवी तासन्‌तास बोलणारा माणूस जिथे गप्प बसायला हवं तिथे बरोबर गप्प बसतो, याला मी अक्कल म्हणतो.

तेव्हा तुम्हाला कुठे खरतुडी दिसली तर फोटो जरूर काढा, पानांचाही काढा, आणि जागा कुणाला सांगू नका. मॅक्रोला सांगायचीच असेल, तर त्या दिवशी दुसरं काही काम ठेवू नका.