बर्फाचा मुहूर्त

गुलमर्गला स्कीइंगला कधी जावं? जाणकार सांगतात, जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. २१ डिसेंबरला चिल्लई कलान, म्हणजे काश्मिरातले कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, सुरू होतात. त्यात पडलेला बर्फ टिकतो. आपल्याकडे मात्र मुहूर्त शाळा काढते: नाताळ, नाहीतर मे. मे महिन्यात गंडोला रोपवेनं अफरवटच्या डोंगरावर चढायचं, भाड्याचे गमबूट घालून उरल्यासुरल्या मळकट बर्फात फोटो काढायचा, की झालं स्कीइंग! अर्थात, बर्फाला तरी कॅलेंडर कुठे पाठ आहे? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडंठाक होतं. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या तिथल्या ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर ढकलल्या गेल्या. टूरवाल्यांच्या पत्रकात मात्र बर्फ बारमाही पडतो. खाली, चष्मा लावून वाचावं अशा अक्षरांत, ‘निसर्गाच्या कृपेवर अवलंबून’.