मोशेची काठी, परशुरामाचा बाण आणि आम्ही

संडे स्कूलमध्ये पहिला नंबर काढलेल्या मुलाला घेऊन लांबच्या प्रवासाला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरा-तिसरा नंबर चालेल. ही मुलं गोष्ट अर्धीच ऐकतात आणि उरलेला वेळ पुढच्याच्या शर्टावर पेनाने रेघा ओढतात; त्यांच्यापासून कुणाला धोका नसतो. पहिल्या नंबरवाल्याला मात्र सगळं पाठ असतं आणि पाठ केलेलं कुठेतरी वापरून पाहायचं असतं.

आमचा शमुवेल, म्हणजे शमू, सात वर्षांचा. त्याची संडे स्कूलची शिक्षिका घरातच राहते, ती म्हणजे माझ्या सासूबाई. अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ साली. सासूबाई त्याबद्दल अशा बोलतात की त्या वेळी हार घेऊन वेशीवर याच उभ्या असाव्यात. मे महिन्यात कुठे जायचं हा प्रश्न निघाला तेव्हा त्यांनी महाबळेश्वर सुचवलं, कारण जुने मिशनरी उन्हाळ्यात तिथे जात. नवऱ्याला गोवा हवं होतं. मला जिथे स्वयंपाक करावा लागणार नाही असं कुठलंही ठिकाण चाललं असतं. शेवटी नवऱ्याने शक्कल लढवली. "आई, फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण गोव्यातच छापलं गेलं," तो म्हणाला. सासूबाईंनी त्याच दिवशी बॅग काढली.

दिल्लीकडून येणारी गाडी नगरला दुपारी आली. डब्यात शिरल्या शिरल्या चपात्या, शेंगदाण्याची चटणी, अंड्यांची सुकी भाजी असा सगळा संसार बर्थवर मांडून झाला, आणि टीसी आले.

आमची रूथ चार वर्षांची. पाचच्या खाली तिकीट लागत नाही. पण रूथला स्वतःचं वय कमी वाटतं, म्हणून ती समोरचा माणूस पाहून त्यात भर घालते. घरून निघताना मी तिला चार बोटं दाखवून बजावलं होतं. टीसींनी कौतुकाने विचारलं, "काय बाळ, किती वर्षांची तू?"

"सहा," रूथ म्हणाली.

"चार हो," मी म्हणाले.

टीसींनी माझ्याकडे पाहिलं, मग शमूकडे वळले. "तू सांग रे. खरं खरं."

शमू उभा राहिला. उत्तर देताना उभं राहायचं, ही सासूबाईंची शिस्त. "मम्मीने सांगितलंय, टीसी आले की चार सांगायचं."

यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि त्यामुळेच मला काही बोलता येईना. अख्ख्या डब्याचं लक्ष आमच्याकडे. पर्सच्या तळातून निळं बाल आधार सापडेपर्यंत विसापूर गेलं असावं. त्यावर रूथचा फोटो टक्कल असतानाचा. टीसींनी फोटो पाहिला, रूथच्या दोन वेण्या पाहिल्या, आणि एकूण कुटुंबाची दया येऊन ते पुढे गेले. दौंडपर्यंत सासूबाईंनी दोन्ही मुलांना खोट्या साक्षीबद्दलची नववी आज्ञा समजावून सांगितली. बोलताना नजर माझ्यावर होती.

कॅसलरॉक ते कुळे हा घाट गाडी पहाटेच्या अंधारात उतरते. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट खाली, असा तो उतार. वाटेत दूधसागर लागतो, तीनशे मीटरहून उंच धबधबा. तो चुकू नये म्हणून नवऱ्याने सगळ्यांना उठवलं. बाहेर काळोख. मे महिना असल्याने धबधब्यालाही सुट्टीच असणार. "ऐका, पाण्याचा आवाज!" नवरा म्हणाला. आम्ही ऐकला. कुणीतरी बेसिनचा नळ बंद करायला विसरलं होतं.

या घाटात बोगदे मात्र भरपूर. शमूने अंधारात बोगदा ओळखायची रीत शोधली. आवाज कोंडला की आत, मोकळा झाला की बाहेर. आत शिरलो की तो ओरडायचा, "योनाला माशाने गिळलं!" बाहेर आलो की, "ओकलं!" गिळलं, ओकलं, गिळलं, ओकलं. आज्ञाधारक रूथने हे तीन-चार बोगदे ऐकून घेतलं आणि मग खरोखरच ओकली. समोरच्या बर्थखाली दिल्लीच्या एका गृहस्थांचे नवे सँडल होते. गृहस्थ फार सज्जन. "बच्ची है," एवढंच म्हणाले आणि मडगावला पायात स्लिपर घालून उतरले.

आमची उतरायची जागा बाणावलीला, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका कॅथलिक आंटींच्या घरात. आंटी कोकणी बोलायच्या, आम्ही मराठी, आणि सासूबाई पवित्र शास्त्रातलं मराठी. तरी कुणाचं कुठे अडलं नाही. अडलं ते पहिल्या रात्री, जेवणाच्या टेबलावर. शमूने टीसीची हकिगत रंगवून सांगितली आणि शेवटी नववी आज्ञा म्हटली.

"आठवी," आंटी म्हणाल्या.

"नववी," सासूबाई म्हणाल्या.

दोघींनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. आम्ही प्रोटेस्टंट मूर्ती करू नये ही आज्ञा वेगळी, दुसरी म्हणून मोजतो. कॅथलिक ती पहिलीतच धरतात, त्यामुळे पुढची सगळी एकेक घर मागे सरकते. मग शेवटी लोभाच्या आज्ञेचे ते दोन भाग करतात आणि दहा भरतात. हा हिशेब कळायला भात निवावा लागला. दोघींची बेरीज दहाच आली, तेव्हा दोघींनाही जिंकल्यासारखं वाटलं. रूथने यातून एवढंच घेतलं की मोठ्या माणसांनाही आकडे नीट येत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ती सात वर्षांची झाली.

मग आंटींनी सोरपोतेल आणलं. हे आदल्या दिवशी करून ठेवतात, व्हिनेगर मुरलं की चव चढते. शमूने विचारलं, हे कशाचं? डुकराचं, म्हटल्यावर त्याचा चमचा हवेत थांबला. गरसेकरांच्या मुलखात येशूने भुतं काढून डुकरांच्या कळपात घातली, ती सुमारे दोन हजार डुकरं कड्यावरून धावत समुद्रात पडली, हे त्याला तोंडपाठ. आणि समुद्र तर इथून पाच मिनिटांवर.

"आंटी, यात ती भुतं नाहीत ना?"

आंटी जराही अडखळल्या नाहीत. "ती सगळी बुडाली, बाबा. हे मडगावच्या बाजारातलं." शमूने दोनदा वाढून घेतलं.

किनाऱ्यावर घडलं त्याला मी शमूला एकट्याला दोष देणार नाही. वाटेत रिक्षावाल्याने त्याला सांगितलं होतं की परशुरामाने सह्याद्रीवरून बाण मारला, समुद्र मागे हटला, आणि बाण पडला ती जागा म्हणजे हीच बाणावली. शमू हे ऐकून अस्वस्थ झाला. समुद्र हटवण्याचं काम मोशेचं, अशी त्याची समजूत. आता या खात्यात दुसरा माणूस निघाला, आणि तोही स्थानिक. सासूबाई वाळूत चादर टाकून बसल्या होत्या, काठी बाजूला. मी रूथच्या तोंडातली वाळू काढण्यात गुंतले होते. नवरा शहाळ्याचा भाव करत होता. शमूने काठी उचलली, गुडघाभर पाण्यात जाऊन उभा राहिला आणि काठी धरलेला हात समुद्रावर लांब केला.

समुद्र दुभंगला नाही. उलट एक लाट आली, तिने शमूला पाठीवर पाडलं आणि काठी घेऊन गेली.

नवरा शहाळ्यासकट धावला. शमू नाकातोंडात पाणी जाऊन खोकत होता, पण रडत नव्हता. विचारात पडला होता. काठी थोडा वेळ दिसत राहिली, मग मिसरमध्ये गेली असावी. संध्याकाळी ओहोटी लागून पाणी लांबवर मागे सरलं, तेव्हा त्या ओल्या वाळूकडे बोट दाखवून त्याने आम्हाला सुनावलं, "हटला की नाही? वेळ लागतो फक्त." काठी गेली म्हणून सासूबाईंना आंटींनी आपली जुनी लांब छत्री दिली. त्या दिवसापासून त्या छत्री टेकत चालू लागल्या आणि जिथे जातील तिथे लोक आभाळाकडे पाहू लागले.

छत्री घेऊनच त्या रायतूरला, म्हणजे राशोलला, गेल्या. टेकडीवरची पांढरी सेमिनरी. फादर स्टीफन्ससारखा इंग्रज माणूस १५७९ मध्ये गोव्यात येतो, मराठी शिकतो आणि ख्रिस्ताचं चरित्र हजारो ओव्यांमध्ये लिहितो, आणि ते १६१६ साली इथे छापलं जातं! रेव्हरंड टिळकांनी सुरू केलेलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेलं ख्रिस्तायन हे काव्य ज्यांच्या घरात देव्हाऱ्यासारखं जपलं जातं, त्यांना हे केवढं वाटलं असेल. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. सहलीत त्या एवढ्या गप्प राहिल्या त्या इथेच. मुलांनी या काळात आवारातले मुंगळे मोजले.

जुन्या गोव्यात मात्र इतिहासाने आमच्यावर सूड उगवला. बॉम जेझू बॅसिलिका १६०५ सालची. गिलावा काढलेल्या तांबड्या दगडांच्या त्या वास्तूत संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव आहे, उंचावर, चांदीच्या पेटीत. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ ते वारले. हे सगळं मी शमूला हळू आवाजात सांगितलं. शव अजून टिकून आहे, हेही सांगितलं. ते सांगायला नको होतं, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. शमूने थोडा विचार केला. चार दिवस कबरेत असलेला लाजर हाक मारल्यावर बाहेर आला, हे त्याला ठाऊक होतं. त्याने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्या शांततेत ओरडला, "बाहेर या हो!"

अहोजाहो केलं, एवढं मात्र मी त्याच्या बाजूने सांगेन. रखवालदार धावत आला. गुडघे टेकलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी क्रूसाची खूण केली आणि मग पदरात तोंड लपवून हसू लागल्या. सासूबाईंनी छत्रीच्या टोकाने नातवाला दाराकडे वळवलं.

बाहेर एका गाइडने त्याची समजूत काढायला म्हणून गोष्ट सांगितली. शव पहिल्यांदा दर्शनाला ठेवलं तेव्हा एका बाईने भक्तीच्या भरात पायाचं बोटच चावून नेलं, असं सांगतात. शमूला ही गोष्ट फारशी रुचली नाही. शास्त्रात नाही, म्हणाला. रूथला अतोनात आवडली. रात्री अडीचला किंकाळी ऐकून दिवा लावला, तर शमू पाय धरून बसलेला आणि रूथ तोंड पुसत होती. भक्ती केली, म्हणाली. आंटींनी हळद आणून दिली.

दुसऱ्या दिवशी रविवार. आंटी आम्हाला गावच्या चर्चमध्ये मिस्साला घेऊन गेल्या. मिस्सा कोकणीत. गाण्याचं पुस्तक रोमन लिपीत, पण सासूबाई तीन ओळी मागे राहून खणखणीत गायल्या. शमू बापाशेजारी, अगदी शहाण्यासारखा. एवढा शहाण्यासारखा की मला संशय यायला हवा होता. दानाची पिशवी फिरत आली, पुढे गेली, मिस्सा संपला. बाहेर आल्यावर नवऱ्याने रिक्षासाठी खिशात हात घातला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"पाकीट?"

"दिलं," शमू म्हणाला. गरीब विधवेने जवळची दोन नाणी, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं, दानपेटीत टाकलं. म्हणून येशूने तिचंच कौतुक केलं. हा धडा सासूबाईंनी पाम संडेच्या आधी घेतला होता. पाठ असल्याबद्दल त्याला पेन्सिलही मिळाली होती.

मग आम्ही सगळे पाद्रींच्या खोलीत. पाद्री तरुण होते, मराठी छान बोलायचे. टेबलावर नोटांचा ढीग आणि त्यात आमचं तपकिरी पाकीट. "रीत म्हणून विचारतो," ते हसत म्हणाले, "आत किती होते?"

आदल्या दिवशी मी काजूच्या दुकानासमोर उभी होते, तेव्हा पैसे संपत आलेत असं नवऱ्याने मला सांगितलं होतं. "साडेतीनशेच्या आसपास," तो आता म्हणाला, माझ्याकडे न पाहता.

पाद्रींनी मोजले. साडेतीनशे निघाले. मग पाकिटातला माझा लग्नातला फोटो त्यांना थोडा फुगलेला दिसला. त्यांनी तो सरकवला, तर मागून पाचशेच्या चार नोटा निघाल्या, चौपदरी घडी घातलेल्या.

"नववी," सासूबाई म्हणाल्या.

"आठवी," आंटी म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. पाचशे पिशवीत परत टाकले आणि मडगावला जाऊन उरलेल्या दीड हजाराचे काजू घेतले.