माकडं आणि हयातीचे दाखले

बँकेच्या शाखाधिकाऱ्याला काचेची केबिन देण्याची कल्पना ज्याला सुचली, त्याचं एकाग्रतेशी जुनं वैर असणार. आत बसलेला माणूस बाहेरच्यांना कायम रिकामाच दिसतो. मी पीक कर्जाच्या फायलीत मान घातली रे घातली की दाराशी कुणीतरी उभं. "मॅडम, एकच मिनिट."

वरिष्ठांनी यावर उपाय म्हणून आम्हाला प्रशिक्षणाला धाडलं. हा आजार जुना असल्याचं तिथे कळलं. ऑन्केन आणि वॉस या दोघांनी १९७४ सालीच 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये त्याचं निदान करून ठेवलंय. हाताखालचा माणूस अडचण घेऊन येतो तेव्हा माकड त्याच्या खांद्यावर असतं. साहेब म्हणतो, "बरं, बघतो," की माकडाची उडी साहेबाच्या खांद्यावर! मी मनातल्या मनात माझी माकडं मोजायला घेतली. चहा येऊन गेला तरी मोजणी चालूच.

यावर औषध एकच: उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचे. आधी उद्दिष्ट, मग सद्यःस्थिती, मग पर्याय आणि शेवटी 'तू काय करणार?' ही रीत जगभर नेणारे जॉन व्हिटमोर मुळात मोटारशर्यतीतले, १९६१ सालचे ब्रिटिश सलून कार विजेते. असा माणूस इतरांना सबुरी शिकवतो, हे कौतुकाचंच. अर्थात त्यांना मार्च एंड नव्हता.

पहिला प्रयोग निवृत्तीला टेकलेल्या हेड कॅशियरवर. "मॅडम, कॅश दोनशेनं कमी लागतेय."

"तुम्हाला काय वाटतं, कुठे गेले असतील?"

त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे, संशय माझ्यावर?"

ते संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मग नवी क्लार्क आली. पासबुकाचा प्रिंटर अडकला होता. मी म्हटलं, "पर्याय काय काय आहेत?"

"तुम्ही येऊन बघणं, हा एक."

खरं सांगायचं तर विचारायला कुणी आलं की आतून बरं वाटतं. आपल्यावाचून शाखेचं पान हलत नाही, हे कुठल्या साहेबाला ऐकायला नको असतं? माकडं आपणहून उडी मारतात हे अर्धसत्य. आम्हीच खिशात फुटाणे ठेवून खांदा पुढे केलेला असतो.

एकाग्रतेसाठी फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाचा टोमॅटोच्या आकाराचा टायमर आणला. पंचवीस मिनिटं काम, मग थोडी विश्रांती. टेबलावर तो टिकटिकताना पाहून शिपाईमामा म्हणाले, "कुकर लावलाय का?" पण समजावल्यावर त्यांनी दार असं काही धरलं, की सरपंचांनाही ऐकवलं, "थांबा, मॅडमचा टोमॅटो वाजला नाही अजून."

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची झुंबड उडाली. एका आजोबांचा अंगठा मशीन काही केल्या घेईना. क्लार्क मुलीनं माझ्याच सुरात विचारलं, "आजोबा, तुमचं उद्दिष्ट काय?"

"पुढच्या नोव्हेंबरात परत इथं यायचं."

"आणि सद्यःस्थिती?"

"मी म्हणतो आहे, मशीन म्हणतं नाही."

तिनं केबिनकडे पाहिलं. मी फायलीत मान आणखी खुपसली. मग तिनंच खणातून कागदी फॉर्म काढला आणि आजोबांनी झोकात सही ठोकून मशीनला खोटं पाडलं.