नामा आणि पुढे तारांकन

फाइली रात्री, माणूस जवळ नसताना, एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप धाडायच्या असतील आणि त्यांची नावे रोज बदलत असतील, तर आज्ञेत पूर्ण नावाऐवजी तारांकन, म्हणजे ‘पुढे काहीही चालेल’ असे सांगणारे चिन्ह, घालतात. ही उदारता किती महागात पडते, याचा जुना दाखला हिंगोली जिल्ह्यातील नरसी नामदेव हे ज्यांचे जन्मगाव मानले जाते, त्या संत नामदेवांच्या गाथेत सापडतो. ‘नामा’ ही मुद्रा, म्हणजे अभंगाच्या शेवटी येणारी कवीची नाममोहोर, दिसली की रचना आत, असा लेखनिकांचा खाक्या असल्यामुळे कित्येक पिढ्यांनंतरचा दुसराच कवी विष्णुदास नामाही बिनबोभाट दाखल झाला, आणि अभ्यासक अजून निवडत बसले आहेत. १६०४ साली सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात मात्र नामदेवांची ६१ पदेच गेली. अर्थात तेथे पहाऱ्याला ग्रंथाचे संकलक गुरू अर्जनदेव होते.

आजच्या कचेरीत ‘अहवाल_अंतिम’, ‘अहवाल_अंतिम_नवा’ आणि ‘अहवाल_हाच_घ्या’ ही तिन्ही अपत्ये ‘अहवाल*’ या एकाच आज्ञेने, अर्धवट लिहिलेली असली तरी, इमानेइतबारे रवाना होतात. आणि नावात तारीख वर्षापासून, २०२५०३३१ अशी, लिहिली तर क्रम आपोआप लागतो, असे सुचवणाऱ्या कारकुनाकडे तसे परिपत्रक मागितले जाते, जे त्याच फोल्डरात ‘परिपत्रक_जुने_नवे’ या नावाने पडलेले असते.