घावली का रेंज?

देशात चोरी नेमकी कोण करतं, याचा सरकारनं अखेर छडा लावला आहे. चोर बांधबंदिस्तीच्या कामावर पाट्या उचलत असतो. म्हणून १ जानेवारी २०२३पासून रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवरची हजेरी मोबाइलच्या ॲपवरच. सकाळी एक फोटो, दुपारी एक. दोन्हींवर वेळ आणि अक्षांश-रेखांश. डोक्यावर पदर, हातात खोरं, डोळ्यांवर ऊन. लग्नातसुद्धा बाईचे एवढे फोटो कुणी काढले नसतील. केंद्राच्या नव्या कायद्यानं हमीचे दिवस १००चे १२५ केलेत, म्हणजे हिशेबानं कुटुंबामागं फोटो २००चे २५० झाले.

माण-खटावच्या माळावर हा सोहळा बघण्यासारखा असतो. माणसं जाग्यावर, खोरी-पाट्या जाग्यावर. गैरहजर फक्त रेंज. रोजगार सेवक फोन उंच धरून टेकाड चढतो. खालून बाया विचारतात, "घावली का ओ रेंज?" घावली तर दिवस भरला. नाही घावली, तर दिवसभर माती उपसूनही खाडा.

बरं, आपल्याकडे या कामाची मजुरी मापावर. किती घनमीटर माती निघाली ते टेप लावून बघतात. २०२५-२६चा ३१२ रुपयांचा दरही काम मापात बसलं तरच पुरता पदरात पडतो. सगळ्यात भक्कम साक्षीदार तो खड्डाच. हसऱ्या फोटोनं खड्डा उकरला, असं अजून तरी ऐकिवात नाही.

ही योजना परमुलखातली नव्हे. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात वि. स. पागे यांनी १९६५मध्ये तिचा प्रयोग केला. १९७२च्या दुष्काळात तिनं राज्यभर माणसं जगवली, १९७७मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, एवढंच तत्त्व. पाग्यांनी मजुराचे अक्षांश-रेखांश विचारले नाहीत. दुष्काळ कुठं आहे ते त्यांना ठाऊक होतं.

बोगस मस्टर नव्हती असं कोण म्हणेल? मयत माणसंही खडी फोडत होती. पण ती मस्टरवर आपल्या पायांनी आली नव्हती, कुणाच्या तरी पेनानं आली होती. आता पेन गेलं, ॲप आलं. बोटं तीच राहिली. जुलै २०२५मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानं राज्यांना पत्र धाडलं: भलतेच फोटो चढतात, फोटोचाच फोटो काढला जातो, एकच मजूर अनेक मस्टरांवर दिसतो, बाया-पुरुषांचा मेळ बसत नाही. उपाय काय? ग्रामपंचायतीनं सगळेच्या सगळे फोटो तपासावेत. माणसावर भरवसा नाही म्हणून यंत्र, यंत्रावर नाही म्हणून पुन्हा माणूस. आणि तोही बहुधा पहिलाच.

तरी आमचा ॲपला विरोध नाही. उलट त्याचा लाभ अर्धवट राहिलाय, अशी तक्रार आहे. मजुरी पंधरा दिवसांत द्यावी असं कायदा सांगतो. तेव्हा मजुरीचीही हजेरी घ्या. बिल कुठल्या टेबलावर आहे, त्याचा सकाळी एक फोटो, दुपारी एक, अक्षांश-रेखांशासकट. कचेरीत रेंजची अडचण नाही. सोळाव्या दिवशी पैसे खात्यात दिसले नाहीत, तर ज्या टेबलावर बिल निजलं असेल त्या साहेबांचा त्या दिवसाचा खाडा. आणि रेंज नव्हती ही सबब साहेबांचीही चालणार नाही.