कोपरा दोनदा मोजला

माहीमच्या पानवेलीच्या वाड्यांत हिशेब कुठे अडायचा असेल तर तो कोपऱ्यावर अडतो. लांबीच्या कडेने पाट सोडला, रुंदीच्या कडेने पायवाट सोडली; दोन्ही जिथे मिळतात तो तुकडा कुणाच्या खात्यात धरायचा? दोन्हीकडे धरला की वाडी कागदावर आक्रसते आणि टेप पुन्हा ताणावी लागते.

भास्कराचार्यांनी हा कोपरा बरोबर हेरला होता. 1150च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या ‘बीजगणिता’त एक उदाहरण आहे: पहिल्या संख्येची चौपट, दुसरीची तिप्पट आणि वर 2, एवढी बेरीज त्या दोन संख्यांच्या गुणाकाराइतकी भरते. आता क्ष लांब, य रुंद अशी वाडी धरा. गुणाकार म्हणजे अख्खी वाडी. लांबीच्या कडेने 4 रुंदीचा पट्टा काढा, रुंदीच्या कडेने 3 चा. कोपऱ्यातले 12 दोनदा वजा झाले, ते परत घ्या. वरचे 2 आहेतच. उरली 14 ची वाडी, बाजू क्ष–3 आणि य–4. 14 चे 1 नि 14, 2 नि 7 असे उलटसुलट भाग पाडले की चार जोड्या मिळतात: 4 नि 18, 5 नि 11, 10 नि 6, 17 नि 5.

देकार्तची भूमिती 1637 साली आली. त्या चालीने हे चार ठिपके आलेखावर मांडले तर ते एका वक्रावर बसतात. हा अपास्त. क्ष=3 आणि य=4 या रेषांच्या तो जवळ जवळ सरकतो, पण हद्द ओलांडत नाही; असा शेजारी मिळायला भाग्य लागतं. त्याची दुसरी शाखाही असते. तिच्यावर 2 नि –10 सापडतात. उणे दहा रुंदीची वाडी मी फक्त भावांच्या वाटणीत ऐकली आहे.

अकरावीतल्या भाचीला मात्र ठिपक्यांआधी, नुसत्या द्विघाती समीकरणावरून, वक्राची जात ओळखायची असते. क्ष×य या पदाच्या सहगुणकाचा वर्ग घ्यायचा, त्यातून दोन वर्गपदांच्या सहगुणकांच्या गुणाकाराची चौपट वजा करायची. ऋण आलं तर विवृत्त, शून्य आलं तर अन्वस्त, धन आलं तर अपास्त. आपल्या उदाहरणात वर्गपदंच नाहीत, म्हणून 1. पण ही जात पक्की नाही: कधी नुसत्या दोन रेषा निघतात, कधी एकच बिंदू.

“आणि मामा, क्ष²+य²+1=0?”

वर्ग कधी ऋण होत नाहीत, मग त्यांची बेरीज –1 कुठून व्हायची?

“अक्ष काढ, नावं दे,” मी म्हटलं, “आणि जेवायला चल.”