माठ वाजवण्याची शास्त्रोक्त पद्धत

ज्याला माठ वाजवता येत नाही, त्याने एप्रिलमध्ये जळगाव जामोदच्या बाजारात एकट्याने जाऊ नये. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव म्हणजे हवा गार असणार, असा समज पुण्याहून येणारे पाहुणे सोबत घेऊन येतात आणि दुपारी बारापर्यंत बाळगतात. पारा ४३-४४ वर गेला की डोंगरही आपल्यासोबत तापतो, हे त्यांना मग कळतं.

साहित्य: उजव्या हाताचं मधलं बोट, एक कान (दुसरा विकणाऱ्या बाईच्या बोलण्याकडे लागतो) आणि घरातली एक ज्येष्ठ बाई. आमच्याकडे हे काम आई करते.

कृती. माठ गळ्याला धरून उचलू नये, आईसमोर तर नाहीच. डाव्या पंजावर बूड तोलावं, बोटाचं पेर वाकवून पोटावर दोन टिचक्या माराव्यात. ‘खण्ण’ असा आवाज आला तर भाजणी पक्की. ‘थप्प’ आला तर माठ कच्चा, नाहीतर कुठेतरी केसाएवढी चीर. आता सगळ्यात अवघड भाग: आवाज चांगला आला की चेहरा बिघडवावा. ओठ मुरडून नुसतं ‘हं’ म्हणावं, म्हणजे भाव उतरतो असं शास्त्र आहे. मी ते पाळलं तेव्हा बाई म्हणाली, “भाऊ, तोंड कायले वाकडं करता? आवाज तं तुमी बी आयकला, मी बी आयकला.” मी मुकाट्याने पूर्ण पैसे दिले.

यानंतर माठात हात घालावा. चाकावरून उतरतो तेव्हा माठाला बूडच नसतं. आतून दगडाचा गुळगुळीत गोळा धरायचा, बाहेरून थापीने ठोकायचं, ठोकत ठोकत पोट फुगवायचं आणि बूड मिटवायचं, तेही सगळीकडे जाडी सारखी ठेवून. आतल्या भिंतीवर त्या गोळ्याचे उथळ खळगे बोटांना लागतात. साच्यातून काढलेल्या माठात ते लागत नाहीत. तो आतून गुळगुळीत असतो आणि आईच्या मते तिथेच नापास होतो.

आता पाझर. मातीत राख, लीद, भुसा कालवलेला असतो. भुसा भट्टीत जळून जातो आणि त्याच्या जागी बारीक छिद्रं उरतात. त्यांतून पाणी बाहेरच्या अंगावर येतं, वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक ग्रॅम पाणी वाळायला साधारण ५८० कॅलरी लागतात. म्हणजे लिटरभरातले दहा ग्रॅम उडाले की उरलेलं पाणी, निदान कागदावर तरी, पाच-सहा अंशांनी उतरतं. थोडक्यात, हे भांडं थोडं गळतं म्हणूनच विकत घ्यायचं. फक्त किती गळावं, एवढंच कुंभाराला ठरवायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी मी द्राक्षांच्या वेली रंगवलेला, नळाचा, चकचकीत माठ आणला होता. ऑइलपेंटने सगळी छिद्रं बुजलेली. पाणी गच्चीवरच्या टाकीतल्याइतकं गरम. आई आता त्यात तुरीची डाळ ठेवते. डाळ अगदी कोरडी राहते, हे मान्य केलं पाहिजे.

पाझराचं महत्त्व कुणाला पटत नसेल, तर त्याने आमच्याच तालुक्यातल्या भेंडवळला जावं. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात; परंपरा तीनशे वर्षांहून जुनी सांगतात. गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पापड, कुरडई, सांडोळी. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून पावसाचं भाकीत सांगतात आणि ते ऐकायला दूरदूरचे शेतकरी जमतात. भाकीत खरं की खोटं, या वादात मी पडत नाही. मला चिंता त्या घागरीच्या कुंभाराची वाटते. भुसा मूठभर जास्त पडला, तर अख्ख्या वऱ्हाडाचा जुलै ओला व्हायचा!

राहिली घरची व्यवस्था. नवा माठ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा. पहिल्या दिवसाचं पाणी तुळशीला. साबण आणि तारेची घासणी यांपासून माठाला जन्मभर लांब ठेवावं. तिवईवर ओली वाळू पसरून त्यावर बसवावा, वाऱ्याच्या वाटेत. फ्रिजशेजारी अजिबात नको, तिथे दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. पावसाळ्यात पाणी गार होईनासं झालं तर कुंभाराला दोष देऊ नये. दमट हवेत अंगावरचं पाणी वाळतच नाही, मग गारवा कुठून येणार?

बाजारातून आणल्यावर मात्र लगेच भिजवायला घेऊ नये. ज्येष्ठ बाई आधी तो स्वतः वाजवतील. आमच्या आईने पदराने हात पुसला, बोट वाकवून दोन टिचक्या मारल्या, कान दिला. मग ओठ मुरडून म्हणाली, “हं.”

मी टप भरायला घेतला.